योग: आसनांपलीकडचा शब्द

'योग करता का?' या प्रश्नाचा अर्थ आता 'आसनं करता का?' एवढाच उरला आहे. आसनं जरूर करावीत. पण योग म्हणजे आसनं, हे खरं नाही. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं, आणि १९०हून अधिक योगसूत्रांपैकी त्याचं विवेचन आहे अवघ्या तीन सूत्रांत.

दुसरा समज अभ्यासू माणसांतही रुजला आहे. 'युज्' म्हणजे जोडणं, म्हणून योग म्हणजे जिवाशिवाची भेट. भक्तिमार्गात हा अर्थ शोभतो, पण पतंजलींना तो लागू पडत नाही. पाणिनीय धातुपाठात 'युज्' एकाहून अधिक वेळा येतो. एकाचा अर्थ जोडणं, दुसऱ्याचा समाधी. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य सुरुवातीलाच समाधी हा अर्थ घेतं. शिवाय द्रष्टा आणि दृश्य यांचा संयोग हेच पतंजलींच्या मते दुःखाचं मूळ. म्हणजे तिथली साधना ही जोड सोडवण्याची आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही दुःखाच्या संयोगापासूनचा वियोग, अशी योगाची एक व्याख्या येते. या शब्दातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

'योगा करते' हे मात्र इंग्रजीच्या वाटेने आलेलं रूप. मराठीत 'योग करते' म्हणावं. 'योगाचा वर्ग' बरोबरच आहे. तिथला 'योगा' हे सामान्यरूप.

पंचांगातला रोजचा योग म्हणजे ग्रहांची युती, असंही अनेकांना वाटतं. तो असतो बेरजेचा. सूर्य आणि चंद्र यांचे भोगांश मिळवायचे. दर १३ अंश २० कलांना एक, असे विष्कंभापासून वैधृतीपर्यंत २७ योग होतात. गुरुपुष्य निराळा: गुरुवारी चंद्र पुष्य नक्षत्रात असला की झाला. त्यासाठी गुरू ग्रह तिथे असावा लागत नाही.

आणि 'योगक्षेम' म्हणजे नुसती खुशाली नव्हे. जे हाती नाही ते मिळणं हा योग, मिळालेलं राखणं हा क्षेम. म्हणून घर चालवणारा माणूस कुटुंबाचा योगक्षेम चालवतो, आणि आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्यालयाला 'योगक्षेम' हे नाव चपखल बसतं.