फांदीवरची माती

बाशिंग नावाचा नेचा बघायचा तर एप्रिल-मेमध्ये बघावा. पावसाळ्यात त्याची हातभर लांब, खोल कातरलेली हिरवी पानं एवढी नजरेत भरतात, की खरं काम करणारी पानं दिसतच नाहीत.

सिंधुदुर्गातल्या एका देवराईत जुन्या आंब्याच्या बेचक्यात, हात पोचेल इतक्या उंचीवर, एक जुनं बाशिंग आहे. उन्हाळ्यात त्याच्या हिरव्या पानांचे नुसते दांडे उरतात. त्यांच्या बुडाशी वीतभर लांबीची तपकिरी पानं खोडाला बिलगून एकावर एक बसलेली असतात. लिनीअसनं १७५३ साली या नेच्याला नाव दिलं, ते याच पानांच्या ओकसारख्या आकारावरून. त्यांना देठ नसतो, बीजाणूही येत नाहीत. कोवळेपणी ती हिरवट असतात, थोड्याच दिवसांत वाळतात आणि वाळली तरी गळत नाहीत. टिचकी मारली की जाड कागदासारखी वाजतात.

एक पान अलगद बाजूला सारून आत बोट घातलं. वर आंब्याची सुकी पानं आणि मोहराच्या काड्या, त्याखाली त्यांचा चुरा, आणि तळाशी काळी, किंचित ओलसर माती. बाहेर खोड तापलेलं, आत मात्र गारवा. मुंग्यांची ये-जा चालू होती. त्या मातीत बाशिंगाचीच केसांसारखी बारीक मुळं पसरलेली होती. वरून गळणारा पाला ही मेलेली पानं अडवतात, तो कुजतो आणि त्यावर नेचा जगतो. आंब्याचा रस तो शोषत नाही. तरीही बांडगूळ समजून कित्येक बागांमध्ये त्याला कोयत्यानं खरवडून काढतात, आणि वर्षानुवर्षं साठलेली माती एका घावात खाली येते. याचं मला फार वाईट वाटतं.

पानांमागे बोटाएवढं जाड, तपकिरी खवल्यांनी झाकलेलं मांसल खोड सरपटत गेलेलं असतं. कोरडे महिने काढायचे ते याच्या जोरावर. तमिळनाडूत कोल्ली डोंगरावर हे खोड विकायला असतं, त्याचं सूप करतात.

पाऊस लागला की खोडाच्या टोकांवर गुंडाळलेले कोंब उलगडू लागतात. पुढे हिरव्या पानांच्या पाठीवर, दोन शिरांच्या मध्ये, बीजाणूंच्या तांबूस ठिपक्यांच्या दोन-दोन ओळी येतात. पिकलेला ठिपका उन्हात भिंगाखाली धरावा. प्रत्येक बीजाणुधानीला जाड पेशींचं एक कडं असतं. सुकता सुकता ते मागे वाकत जातं, आणि ताण असह्य झाला की झटक्यात मिटतं. बीजाणू दूर फेकले जातात. त्यातला एखादा ओल्या शेवाळावर रुजला, तरच पुढचं काही घडतं, कारण फलनासाठी पाण्याची पातळ साय लागते.

असं शेवाळ खडबडीत सालीच्या, रुंद फांद्यांच्या म्हाताऱ्या झाडांवर धरतं. देवराईतला वठत चाललेला आंबा तोडायची गोष्ट निघाली की मी लोकांना आधी त्याच्या फांद्यांखाली नेतो आणि वर बघायला सांगतो.