गोळी गावातच मिळाली असती तर
पक्षाघाताचा रुग्ण वॉर्डात आला की मी नातेवाइकांना विचारतो, बीपीची गोळी चालू होती का? ‘होती, पण संपली. तालुक्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते.’ शहरातल्या रुग्णाकडून हे उत्तर क्वचितच येते. गोळी मात्र तीच, स्वस्तातली.

ब्राझीलने १९९४ पासून कुटुंब-आरोग्य पथके नेमली; त्यांतले आरोग्यसेवक दर महिन्याला घरोघरी जातात. आपल्याकडेही निकषानुसार ५,००० लोकांमागे, आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असते. आशाताईही आहेत. तिथे गोळ्या कधीच संपू नयेत आणि न्यायला न आलेल्याची घरी जाऊन चौकशी व्हावी, एवढेच मागणे आहे. आमच्या खाटा वाढवून (त्याही हव्यातच) हा माणूस पुन्हा उजव्या हाताने जेवू लागणार नाही.