तुसाची राख कुठे जाते?

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आठवतो, दुसरे सरफोजी राजे आठवतात. ज्या भातावर चोळांपासून भोसल्यांपर्यंत सगळ्यांची राज्ये पोसली गेली, ते भात मात्र क्वचितच कुणाच्या बोलण्यात येते. आजही या जिल्ह्याचा खरा उद्योग भाताच्या गिरण्यांचाच आहे. धूर कमी व्हावा, दुर्गंधी जावी, वाया जाणारे कामी यावे, यासाठी इथे गेली साठ वर्षे खटपट चालू आहे. स्वच्छ तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे सौरपट्ट्या आणि विजेच्या मोटारींवर बोलणे थांबते. छोट्या उद्योगाचे दुखणे समजून घ्यायचे असेल तर मला तंजावरच्या गिरणीइतकी चांगली शाळा दुसरी दिसत नाही.

कुरुवै, सांबा आणि तालडी हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले भाताचे तीन हंगाम. त्यातले बरेचसे भात उकडून मग सडले जाते. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाणाऱ्यांना ही रीत सांगायला नको: भात पाण्यात भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे आणि मग भरडायचे. हिशेब मांडला की उद्योगाचे रूप दिसते. एक टन भात भिजवायला हजार-बाराशे लिटर पाणी लागते. त्यातून साधारण दोनशे किलो तूस निघतो आणि तो जाळला की चाळीसेक किलो राख उरते. दिवसाला पन्नास टन भात भरडणारी गिरणी म्हणजे रोज दहा टन तूस, दोन टन राख आणि पन्नास हजार लिटरहून जास्त पाणी. तूस इतका हलका की ते दहा टन ठेवायला सुमारे शंभर घनमीटर जागा लागते. पूर्वी गिरणीमागे तुसाचे डोंगर उभे राहत, ते याचमुळे.

या खटपटीची सुरुवात पावसाने केली. १९६० मध्ये सघन शेतीच्या सरकारी कार्यक्रमासाठी देशातले जे पहिले जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावर होता. याच जिल्ह्यातल्या आडुदुरैच्या भात संशोधन केंद्रातून एडीटी २७ हे लवकर पिकणारे वाण आले आणि कुरुवैचे पीक वाढले. पण कुरुवैची कापणी आणि ईशान्य मोसमी पाऊस यांची गाठ पडते. ओले भात ढिगात तापते, त्याला कोंब फुटतात, तांदूळ पिवळा पडतो. या ओल्या भाताचे करायचे काय, या प्रश्नातून १९६७ साली तिरुवारूरला, म्हणजे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातच, सहकारी आधुनिक गिरणीच्या आवारात एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाली, १९८४ मध्ये तंजावरला आली आणि नावे बदलत २०२१ पासून राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था म्हणून उभी आहे. एका जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ओल्या भातासाठी निघालेली प्रयोगशाळा राष्ट्रीय संस्था व्हावी, याचे मला मोठे अप्रूप आहे.

त्या काळी गावोगावी लोखंडी हलर होते. हलरमध्ये तूस, कोंडा आणि कणी एकत्र भरडून निघे. तो तूस धड जाळता येत नसे आणि कोंड्यातून तेल काढणेही परवडत नसे. रबरी रोलरच्या यंत्राने तूस आणि कोंडा वेगळे केले. तूस बॉयलरला गेला. कोंडा तेलाच्या कारखान्याला गेला, कारण त्यात पंधरा ते वीस टक्के तेल असते आणि उकड्या भाताचा कोंडा लवकर खवटत नाही. धुराड्यावर कोणतेही उपकरण न बसवता, केवळ वस्तू वेगळ्या ठेवल्याने एवढा फरक पडला. कचरा कमी करण्याच्या कामात वेगळे ठेवणे हे निम्मे यश असते, असे मला या उदाहरणावरून ठामपणे वाटते.

पाण्याची गोष्ट इतकी सरळ नाही. थंड पाण्यात भात दोन-तीन दिवस भिजत ठेवले की ते आंबते आणि त्या वासाने अख्खी वस्ती हैराण होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गरम पाण्यात, सुमारे सत्तर अंशांवर, तीन-चार तासांत भिजवण्याची पद्धत दिली. तिरुवारूरच्या केंद्राने दाबाखालच्या वाफेची पद्धत काढली. तिच्यात भिजवणे आणि वाफवणे मिळून तास-दीड तासात आटोपते, भात पाणी कमी पिते आणि वाळवायला इंधनही कमी लागते. तांदळाला मात्र गडद पिवळी झाक येते आणि गिऱ्हाईक ती लगेच ओळखते. वास मारण्यासाठी भिजवणाच्या पाण्यात सोडियम क्रोमेट मिसळावे, अशीही शिफारस त्या काळच्या संशोधनात झाली होती. वास गेला असता, पण कर्करोगकारक क्रोमियम कालव्यांत उतरले असते. नाकाला कळणारा त्रास घालवून शरीराला न कळणारा आणायचा, याला उपाय म्हणता येत नाही. आजच्या प्रत्येक नव्या यंत्राच्या जाहिरातीसमोर हे उदाहरण ठेवावे, असे मला वाटते.

भिजवणाचे पाणी विषारी नसते, पण त्यात विरघळलेला स्टार्च आणि साखर असते. ते ओढ्यात गेले की जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे मरतात. पाण्यात सोडण्यायोग्य सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी लिटरला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा देशाचा सर्वसाधारण निकष आहे. भिजवणाचे पाणी त्याच्या कितीतरी पट वर असते. बंद टाकीत प्राणवायूविना ते कुजवले तर बायोगॅस मिळतो आणि तोच बॉयलरला वापरता येतो. तंत्र जुने आहे, सिद्ध आहे. पण हंगामी चालणाऱ्या लहान गिरणीला ही जिवंत जंतूंची टाकी वर्षभर सांभाळणे जड जाते. अशा वेळी पाच-दहा गिरण्यांनी मिळून एक टाकी चालवावी, हाच मार्ग उरतो.

सामायिक प्रकल्प म्हटला की तामिळनाडूतल्याच तिरुप्पूरचा विचार करावाच लागतो. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथल्या रंगाई कारखान्यांना टाळे लावायला लावले. मग सामायिक प्रकल्पांतून पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था उभी राहिली. पाणी परत मिळाले, पण मिश्र क्षार आणि गाळ यांचे ढीग मागे उरले. शिवाय तिरुप्पूरकडे परदेशी गिऱ्हाईक आणि निर्यातीचा पैसा होता. सरकारी भरडाईच्या दरावर चालणाऱ्या भाताच्या गिरणीकडे तो नाही.

आता धूर. एप्रिल १८२६ मध्ये तिरुचिरापल्लीला वारलेला बिशप हेबर त्याच्या थोडे आधी तंजावरला येऊन सरफोजी राजांना भेटला होता. राजांना लव्हाझिएचे ग्रंथ माहीत असल्याचे त्याने नोंदवले आहे. ज्वलन म्हणजे प्राणवायूशी संयोग, हे ज्याने सिद्ध केले तोच हा लव्हाझिए. त्याच नगरीभोवती पुढे कित्येक पिढ्या तूस अर्धवट जळत राहिला. पायऱ्यांच्या जाळीच्या जुन्या भट्टीत हवा सगळीकडे पोचत नाही. काळा धूर निघतो, न जळलेल्या कार्बनची काळी राख उडते आणि शेजाऱ्यांच्या विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, डोळ्यांत बसते. तरंगत्या थरावर जाळणाऱ्या बॉयलरांनी हे बरेच बदलले. तिरुचिरापल्लीचा भेल कारखाना बॉयलरांसाठीच प्रसिद्ध आहे आणि पुण्याच्या थरमॅक्सने तुसासारख्या इंधनावरचे बॉयलर देशभर पोचवले आहेत. या बॉयलरमध्ये तूस पूर्ण जळतो, म्हणून कमी लागतो. धुराड्यातली राख पकडायला पाण्याचा फवारा लावला तर मात्र हवेतली काजळी पाण्यात जाते आणि गिरणीच्या मागच्या दाराने बाहेर पडते. कापडी पिशव्यांची गाळणी महाग पडते, पण राख कोरडी ठेवते.

राख कोरडी राहणे इथे फार मोलाचे आहे. तुसाच्या राखेत पंच्याऐंशी ते पंच्याण्णव टक्के सिलिका असते. सातशे अंशांच्या खाली जळलेल्या राखेतली सिलिका बेस्फटिकी राहते आणि सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून काँक्रीट घट्ट करते. बर्कलीच्या पी. कुमार मेहतांनी सत्तरच्या दशकात हे दाखवले आणि भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत काँक्रीटमध्ये या राखेला जागा मिळाली. उष्णता वाढली की सिलिका स्फटिकी होते. तिचा सिमेंटला उपयोग घटतो आणि तिची धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. म्हणजे तीच राख भट्टीच्या तापमानावर बांधकामाचे साहित्य ठरते किंवा मजुराचा आजार ठरते. सिमेंट कारखान्याला एकसारखी राख मोठ्या प्रमाणात हवी असते. पन्नास गिरण्यांची पन्नास रंगांची राख त्याला नको असते. मग ती खड्ड्यांत आणि रस्त्यांच्या कडेला पडते. गोळा करणारा, तपासणारा, प्रतवारी लावणारा कुणीतरी मध्ये लागतो, आणि ही साखळी बहुतेक ठिकाणी इथेच तुटते.

वाळवणीबद्दल मात्र माझे मन दोन्हीकडे ओढते. सिमेंटच्या खळ्यावर उन्हात भात वाळवण्यात इंधन शून्य लागते, याहून स्वच्छ काही नाही. पण तापलेल्या खळ्यावर दिवसभर पायांनी भात पालथे करणाऱ्या बायकांचे तळवे बघितले की हा शून्याचा हिशेब अपुरा वाटतो. यांत्रिक वाळवण यंत्राला तूस आणि वीज दोन्ही लागतात, पण ऑक्टोबरच्या पावसात तेच भात वाचवते. मला यंत्र हवे, पण त्याबरोबर त्या बायकांना गिरणीतच दुसरे काम हवे.

तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये कायदा करून तंजावरसह त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवले. तांबे, जस्त वितळवणारे कारखाने, चामड्याचे उद्योग, कोळशातला मिथेन आणि नवे तेल-वायू शोध यांना तिथे मज्जाव झाला. मिथेनच्या विहिरींविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या लढ्याला हे मोठे फळ आले. बाहेरून येणारे संकट त्याने अडवले, पण त्या यादीत भाताच्या गिरण्या नाहीत.

हे सगळे आपल्याशी थेट जोडलेले आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत धान पिकते, गोंदिया आणि तुमसरची बाजारपेठ गिरण्यांवरच चालते, आणि आधारभूत किमतीने घेतलेल्या धानाची भरडाई सरकार याच गिरण्यांकडून करून घेते. तंजावरात हेच काम तामिळनाडू नागरी पुरवठा महामंडळ करते. भाताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच असेल, तर भरडाईच्या करारात तांदळाच्या उताऱ्याची आणि कणीच्या टक्क्याची अट जशी असते, तशी भिजवणाच्या पाण्याची आणि राखेचीही असायला हवी. राख कुणाला दिली, पाणी कुठे सोडले, याची पावती गिरणीने जोडावी आणि सरकारने त्यापोटी भरडाईच्या दरात क्विंटलमागे वेगळी रक्कम मोजावी. आज तो खर्च गिरणीशेजारचे घर, त्याच्या अंगणातली विहीर आणि भट्टीपुढे उभा असलेला मजूर भरतो आहे.