ऊन साठवणारी भिंत

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं जुनं अडोबी घर ओळखायचं ते कोपऱ्यांवरून. वर्षानुवर्षं हातानं लिंपून ते गोलावलेले असतात. सपाट छताच्या कठड्यातून लाकडी पन्हळी बाहेर डोकावतात, त्यांना तिथे ‘कनालेस’ म्हणतात. मराठवाड्यात माळवदाच्या घरात वाढलेल्याला हे घर परकं वाटू नये. पावसाआधी छताच्या भेगा बुजवायची तीच लगबग इथेही.

अडोबी म्हणजे उन्हात वाळवलेली कच्ची वीट. शब्द अरबी ‘अत्-तूब’वरून स्पॅनिशात आला. इथले प्वेब्लो लोक स्पॅनिशांच्या आधीपासून मातीची घरं बांधत होते, पण ओल्या मातीचे थर हातानं चढवून. साच्यातून वीट पाडणं स्पॅनिशांबरोबर आलं. आजची नेहमीची वीट १४ बाय १० बाय ४ इंचांची, वजन साधारण १५ किलो.

मातीची जाड भिंत थंडी अडवते, हा समज अर्धाच खरा. माती ऊब फारशी अडवत नाही, साठवते. १० इंची भिंतीच्या बाहेर पडलेलं ऊन आत पोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे दुपारची ऊब ऐन झोपेच्या वेळी हाताला लागते. इथलं सांता फे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा लख्ख ऊन. तिथे ही दिरंगाई वरदानच. पण उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत, ती घरातलीच ऊब पिऊन बाहेर टाकते. म्हणून जुनं घर सुधारताना जाणता माणूस आधी छतावर उष्णतारोधक थर घालतो, दक्षिणेला काच वाढवतो. विजेचं नंतर बघतो. पीटर व्हॅन ड्रेसर यांनी १९५८मध्ये सांता फेत एका लहानशा जुन्या अडोबी घराला उन्हावर हवा तापवणाऱ्या पेट्या जोडल्या आणि ती ऊब दगडांच्या थरात साठवली. सौर पॅनेल घरोघरी दिसण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आता पॅनेल येतात तेव्हा जुना कठडा आयताच कामाला येतो. त्याच्या आड ती रस्त्यावरून दिसत नाहीत, आणि जुन्या वस्तीचं रूप जपण्याबाबत सांता फे फार हट्टी आहे.

पाण्याचं गणित अधिक कडक. वर्षाला पाऊस जेमतेम ३५० मिलिमीटर. तरी १०० चौरस मीटर छतावर त्याचे ३५ हजार लिटर होतात. पूर्वी हे पाणी पन्हळीतून थेट अंगणात कोसळायचं, त्याचे शिंतोडे भिंतीच्या पायाची माती खायचे. तेच टाकीत उतरवलं की झाडं जगतात आणि भिंतही. उत्तरेकडची पन्हळ मात्र हिवाळ्यात बर्फानं तुंबते, पाणी मागे सरून छतात मुरतं. जमेल तिथे ती बाजू टाळलेली बरी. न्हाणीचं, कपडे धुतलेलं पाणी काही अटी पाळून दिवसाला २५० गॅलनपर्यंत, म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास, परवान्याशिवाय बागेत सोडायला राज्यात मुभा आहे. खेड्यांतली शेती ‘असेकिया’ नावाच्या सामाईक पाटांवर चालते. पाळ्या ठरवणारा मायोर्दोमो पाटावरचेच लोक निवडतात. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड सिंचनातल्या पाटकऱ्याला त्याचं काम समजावून सांगावं लागणार नाही.

या घरांना खरा दगा दिला तो सिमेंटनं. याच राज्यातल्या रांचोस दे ताओस गावच्या जुन्या मातीच्या चर्चला १९६७मध्ये सिमेंटचा गिलावा केला; दरवर्षीच्या लिंपणाची कटकट मिटावी हाच हेतू. सिमेंटला बारीक तडे गेले, त्यातून पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाटच उरली नाही. बाहेरून भिंत खणखणीत, आत चिखल. १९७९मध्ये ते कवच खरवडून काढलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावकरी शिड्या लावतात, माती-पेंढा कालवतात आणि भिंतीवर तळहातानं लिंपत जातात. वाळल्यावर पेंढ्याच्या काड्या उन्हात चमकतात.