सीएसएमटीहून सीएसएमटीला

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते आणि सकाळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला लागते. आपल्या कोल्हापूर स्टेशनच्या नावाआधीचं ‘श्री’ बाजूला ठेवलं, तर दोन्हीकडची इंग्रजी आद्याक्षरं एकच: सीएसएमटी. म्हणजे गाडी रोज सीएसएमटीहून सीएसएमटीला धावते. रेल्वेच्या यादीत मुंबईला हे संक्षिप्त रूप मिळालं आणि कोल्हापूर ‘सी शाहूमहाराज टी’ असं छापलं जातं. दिसायला विचित्र आहे, पण त्यात निदान शाहू महाराज दिसतात.

हे आठवायचं कारण म्हणजे विद्यापीठ. शिवाजी विद्यापीठाचं नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ करा, या मागणीसाठी मार्च २०२५ मध्ये शहरात मोर्चा निघाला. त्यानंतर कोण काय म्हणालं, हे वाचकांना तोंडपाठ आहे. या सगळ्या गदारोळात विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र हवा तितका तपासला गेला नाही. नाव लांबलं की त्याचं ‘सीएसएमयू’ होईल आणि शिवाजी हा शब्दच तोंडातून जाईल, असं ते म्हणतात. १९६२ मध्ये विद्यापीठ स्थापन होताना यशवंतराव चव्हाण आणि बाळासाहेब देसाई यांनी नाव आखूड ठेवलं ते याच धास्तीने, असं कोल्हापुरात जुनी माणसं सांगत आली आहेत. समर्थकांना हा कांगावा वाटतो. तो तसा आहे का, हे भावनेपेक्षा उच्चारावरून ठरवणं सोपं आहे.

इंग्रजी संक्षेप शब्दासारखा वाचायचा की एकेक अक्षर सुटं म्हणायचं, हे कुठल्या समितीत ठरत नाही. ते जीभ ठरवते. मध्ये स्वर सापडला तर शब्द होतो. म्हणून विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी संस्था ‘नॅक’ झाली, घरं बांधणारं मंडळ ‘म्हाडा’ झालं. स्वर नसला तर अक्षरं सुटी राहतात: केएमटी, एमपीएससी. कधी स्वर असूनही दुसऱ्याच कारणाने वाट अडते. ‘सीईटी’चं ‘सेट’ सहज झालं असतं, पण प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेने ते नाव आधीच अडवून ठेवलंय. ‘नीट’ मात्र मराठीत इतकी नीट बसली, की ती परीक्षा नीट दे, असं सांगणाऱ्या आईला आपण कोटी केल्याचंही कळत नाही. हा नियम सीएसएमयूला लावा. तीन व्यंजनं ओळीने आणि शेवटी एक स्वर. याचा शब्द होणार नाही. चार सुटी अक्षरंच राहणार.

पण माझ्या मते खरी गंमत मराठी संक्षेपात आहे, आणि या वादात तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. इंग्रजीतला ‘शब्द म्हणू की अक्षरं म्हणू’ हा पेच देवनागरीत जवळपास उभाच राहत नाही. आपलं अक्षर स्वर पोटात घेऊनच येतं. शेतकरी कामगार पक्षाची आद्याक्षरं नुसती वाचली, शे, का, प, की शब्द तयार. फक्त शेवटच्या ‘प’मधला अ गळतो आणि तीन अक्षरांचा ‘शेकाप्’ होतो. मनसे, अंनिस, मसाप, मनपा आणि आपल्या कोल्हापूरची दमसा, म्हणजे दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभा, ही सगळी याच टाकसाळीतली नाणी. पूर्वी छापताना मध्ये टिंबं असत, ‘भा. ज. प.’ असं. टिंबं गेली आणि शब्द चलनात आला. त्यातही भांडण आहेच. वर्तमानपत्रं ‘पक्ष’ धरून ‘भाजप’ लिहितात, पक्षवाले ‘पार्टी’ धरून ‘भाजपा’. एका कान्यावरून उपसंपादकांना फोन जातात.

लेखकांचंही तेच. पुलं, वपु, गदिमा हे संक्षेप आहेत याची आठवणही होत नाही. द. मा. मिरासदारांना सगळा महाराष्ट्र ‘दमा’ म्हणायचा आणि विनोदी लेखकाला ते शोभूनही दिसलं. साहित्यातली माणसं अशी मराठी अक्षरांनी ओळखली गेली (जीए हा ठळक अपवाद), तर आपल्याकडचं राजकारण इंग्रजी अक्षरांवर चाललं: एन. डी., डी. वाय., पी. एन. प्राध्यापक एन. डी. पाटील आयुष्यभर शेकापचे. माणूस इंग्रजी अक्षरांत आणि पक्ष मराठी अक्षरांत, पण कुणाला काही खटकलं नाही.

मग विद्यापीठाचा संक्षेप मराठीतच करावा, असं कुणी म्हणेल. ‘छशिमवि’. म्हणून बघा. शिवाय आपला अनुभव असा, की इंग्रजी अक्षरं हाताशी असली तर मराठी माणूस तीच उचलतो. कागदावर ‘जि. प.’ लिहितो आणि तोंडाने ‘झेडपी’ म्हणतो, कारण ‘जिप’ म्हटलं की दारात गाडी उभी राहते. पाटाकडील तालीम मंडळ हे नाव किती अस्सल! तरी शाहू स्टेडियमवर आरोळी उठते ती ‘पीटीएम’ची. ‘पातामं’ कुणाच्या घशातून निघायचं नाही. आणि हे सामने भरवणारी संस्था कोण, तर केएसए.

तेव्हा सीएसएमयू होणार, यात मला शंका नाही. आता प्रश्न उरतो, झालं तर बिघडलं काय? इथे पुरावा भरपूर आहे.

विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले. आईचं नाव राहावं म्हणून विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी झालं. आज ‘एसएनडीटी’त शिकणाऱ्या किती मुलींना नाथीबाई ठाऊक आहेत, ते एखादीला विचारून पाहा. बडोद्यात सयाजीराव महाराज ‘एमएस’ झाले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसं मेली, घरं जळाली. विधिमंडळाच्या १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत झगडा चालला आणि तेव्हाच ‘नामविस्तार’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला. ज्या नावासाठी हे सगळं झालं, त्याचं बोलण्यात उरलं काय, तर ‘बामू’. इथे स्वर होते, म्हणून शब्द झाला. त्याने बाबासाहेब वाचले असं मला वाटत नाही.

म्हणजे शब्द झाला तरी सुटका नाही. ‘सारथी’ घ्या. छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्थेचं हे रूप इंग्रजी अक्षरांतून मोठ्या कौशल्याने जुळवलंय. अर्थही छान, उच्चारही सोपा. पण त्यात छत्रपतींना जागा नाही, महाराजांना नाही, आणि शाहूंच्या वाट्याला जेमतेम ‘सा’ आला. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात रोज शेकडो माणसं जातात. छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव तिथे केसपेपरवर उरलंय. बाहेरगावच्या डॉक्टरला तर ही तीन अक्षरं म्हणजे बंद पडलेलं हृदय दाबून चालू करायची क्रिया. शेजारचं वैद्यकीय महाविद्यालय राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाचं. त्याचं झालं ‘आरसीएसएम’. आदरार्थी म्हणून जोडलेला प्रत्येक शब्द इथे एकेका अक्षराची भर घालून गेलाय आणि मधलं ‘शाहू’ त्या गर्दीत सापडत नाही.

या सगळ्यांवर कडी करतं ते मुंबईचं व्हीजेटीआय. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ते निघालं, म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. १९९७ मध्ये राणीला काढून तिथे वीरमाता जिजाबाई आणल्या. नाव निवडणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावी तितकी थोडी: अक्षरं हलली नाहीत. दादरच्या टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एकच पत्ता सांगावा लागला. साम्राज्ञी गेली, स्वराज्याची माता आली आणि कानाला काही कळलं नाही. सुट्या अक्षरांच्या मागे कोण उभं आहे याने बोलण्यात काडीचा फरक पडत नाही, याला याहून मोठा दाखला नको.

विरोधकांच्या बाजूलाही एक भोक आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात रोजच्या बोलण्यात ‘शिवाजी विद्यापीठ’ तरी कोण म्हणतं? ‘युनिव्हर्सिटीत काम आहे’ म्हणतात, फार तर ‘विद्यापीठात’. पण हे गावातलं झालं. सातारा-सांगलीच्या पलीकडे गेलं, मुलाखतीला बसलं, परदेशात अर्ज भरला, की पूर्ण नाव सांगावं लागतं आणि तिथे तोंडातून ‘शिवाजी’ निघतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यातही ‘युनिशिवाजी’ असा तो शब्द शाबूत आहे.

एकेरी उल्लेखाने अवमान होतो, हा समर्थकांचा मुख्य मुद्दा. ज्या मराठीत विठोबाला, तुकोबाला आणि आईला ‘तू’ म्हणतात, तिथे हे गणित मला पटत नाही. शिवाजी पेठेत, शिवाजी पुलावर, शिवाजी तरुण मंडळाच्या मॅचला अवमान करायला कुणी जात नाही.

पूर्ण नावच वापरा, असा शासन निर्णय काढता येईल, तो पाटीवर आणि पत्रावर पाळलाही जाईल. स्टँडवर रिक्षा ठरवणाऱ्या पोराला तो लागू होत नाही. याच विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ वेगळं निघालं आणि २०१९ मध्ये ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. कागदावर नाव भारदस्त आहे. इंग्रजी संक्षेपात अहिल्यादेवींचा एक ‘ए’ आहे.

माझं मत सरळ आहे: शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे तसंच राहावं. आणि ज्यांना महाराजांच्या नावाची खरी काळजी आहे, त्यांनी आधी आरसीएसएम आणि सीपीआर ही दोन नावं आजपासून पूर्ण उच्चारायला लागावं. महिनाभर जमलं, तर विद्यापीठाबद्दल पुन्हा बोलू.