पतंग आणि परवाना

'परवाना' हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला. फारशीत त्याचे दोन अर्थ. एक सरकारी हुकुमाचा, आणि दुसरा दिव्याभोवती भिरभिरणाऱ्या पतंगाचा. मराठीने पहिला अर्थ कचेरीसाठी ठेवून घेतला आणि दुसरा उर्दू शायरांकडे सोडून दिला. पण विमानविद्येच्या प्रांतात हे दोन्ही अर्थ एकमेकांना सोडायला तयार नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले, ते 'पस मॉथ' जातीच्या विमानातून, म्हणजे एका पतंगाच्याच पाठीवरून! त्या पतंगाच्या अंगावर 'व्हीटी-एडीएन' ही अक्षरे होती. त्यांतली 'व्हीटी' ही दोन अक्षरे हिंदुस्थानची खूण. आजही प्रत्येक भारतीय नागरी विमानावर ती असतात. पतंग उडाला तो परवाना अंगावर लिहूनच.

त्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते. खाली पाहावे, समुद्रकिनारा ओळखावा आणि पुढे जावे, असा मामला होता. आज दोन-चार माणसांचे छोटे खाजगी विमान घेतले, तरी वैमानिकापुढच्या फळीवर विजेच्या यंत्रांची दाटी दिसते. जमिनीशी बोलायला रेडिओ असतो. 'ट्रान्सपॉन्डर' नावाचे एक यंत्र असते. खालून रडारने 'कोण आहे?' असे पुसले, की ते आपला क्रमांक आणि उंची सांगते. त्यावर ७७०० हा आकडा लावला की 'मी संकटात आहे', ७६०० लावला की 'माझा रेडिओ बंद पडला'. विमान आपटलेच, तर आपण होऊन उपग्रहाला हाक देणारी एक पेटीही असते. तिची हाक बंगळूरच्या केंद्रात ऐकू येते.

आता वाचकहो, घटकाभर अशी कल्पना करा की तुमच्यापाशी असे एक विमान आहे आणि त्यातला जुना रेडिओ काढून तुम्हांला नवा बसवायचा आहे. काम दोन तासांचे. चार स्क्रू, दोन तारा! पण थांबा. नवा रेडिओ ठरलेल्या मानकाला उतरल्याचा दाखला आधी हवा. या विमानात तो बसवण्याचा आराखडा मंजूर हवा. बसवणारा परवानाधारक अभियंता हवा आणि त्याची सही हवी. बिनतारी लहरी वापरायच्या, म्हणून दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेचे लायसन हवे. विमानाचे वजन आणि तोल यांचा कागद नव्याने करायला हवा. आमच्या सोसायटीत भिंतीला भोक पाडायचे तर सेक्रेटरीला विचारावे लागते, याची कुरकूर आपण करतो. येथे तर साक्षात दिल्लीला, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाला, विचारायचे!

हा नुसता कारकुनी सोस आहे काय? एकेक कागद उलगडून पाहिला, तर प्रत्येकामागे एक धडधडीत कारण सापडते. रेडिओच्या तारेतली वीज शेजारच्या होकायंत्राची सुई हलवू शकते, आणि ढगात सापडलेल्या वैमानिकाला त्या सुईचाच आधार असतो. नवे यंत्र जास्त वीज ओढू लागले, तर जनित्र बंद पडल्यावर बॅटरी किती वेळ पुरेल हे गणित बदलते. एरियलसाठी पत्र्याला भोक पाडले, तर त्या भोकापासून चीर पसरू शकते. वजन पुढे किंवा मागे सरकले, की विमानाचा स्वभावच पालटतो. असा कागद वैमानिकासाठी जितका, तितकाच खाली घरात जेवायला बसलेल्या माणसांसाठी असतो. त्या माणसांना हे विमान कोणी तपासले, हे विचारायला जाता येत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी विचारले, याची खूण म्हणजे ती सही.

आम्हां ठाकुर्लीकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१५ च्या जुलैअखेरीस येथली एक जुनी इमारत रात्री कोसळली आणि माणसे दगावली. तपासणी, दाखला, नोटीस हे शब्द एरवी रूक्ष वाटतात. त्या रात्रीनंतर येथे कोणाला ते रूक्ष वाटले नसतील.

तेव्हा परवाना असावा, यात वाद नाही. वाद आहे तो निराळाच. ज्याची वस्तू कोणत्याच रकान्यात बसत नाही, त्याने काय करावे?

आपल्या शेजारच्याच मुंबईतले उदाहरण घ्या. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान बांधले. आपण ज्या गच्चीवर पापड वाळत घालतो, तिच्यावर! नोंदणीसाठी त्यांची खटपट २०११ पासून चालली होती. मध्येच हौशी बांधणीविषयीचे नियम बदलले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते विमान गच्चीवरून सुट्या भागांनी उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले आणि लोक कौतुकाने पाहू लागले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणी झाली. उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान चाचणीसाठी हवेत गेले, तेव्हा २०२० चा ऑगस्ट उजाडला होता.

त्या विमानावरची अक्षरे आहेत 'व्हीटी-एनएमडी'. त्यांत पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि मुख्यमंत्री देवेंद्र यांच्या नावांची अक्षरे गुंफली आहेत. कृतज्ञता हा सद्गुणच, त्याला कोण नावे ठेवील? परंतु मनात येते, की मुख्यमंत्र्यांपर्यंत ज्याची हाक पोचत नाही अशा कारागिराने कोणाची अक्षरे लिहावीत?

अमेरिकेत या प्रश्नाला एक साधे उत्तर शोधलेले आहे. तेथे स्वतः बांधलेल्या विमानासाठी 'प्रायोगिक' असा स्वतंत्र वर्गच आहे. निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसांनी स्वतः केलेली असली पाहिजे. तपासणी होते. विमानात शिरताना दिसेल असा 'प्रायोगिक' हा शब्द लिहावा लागतो. चाचणीचे बहुधा पंचवीस किंवा चाळीस तास वस्तीपासून दूर, उतारू न घेता काढावे लागतात. बांधणाऱ्याची उमेद राहते आणि खालच्या माणसाचा जीवही सुरक्षित राहतो. दार अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत. पण दार कोठे आहे आणि पायऱ्या किती आहेत, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

आपल्याकडे कमी पडते ते हे. कडक नियमाची भीती खऱ्या कारागिराला वाटत नाही. स्क्रू चुकीच्या मापाचा चालत नाही, हे तो कारकुनाहून चांगले जाणतो. त्याला थकवते ते अनिश्चित वाट पाहणे. 'नाही' असे उत्तर मिळाले, तर कोठे चुकले ते तो पाहील आणि पुन्हा बांधील. 'बघू' या उत्तराचे त्याने काय करावे? १९३४ चा विमान कायदा जाऊन २०२५ च्या आरंभी नवा भारतीय वायुयान अधिनियम अमलात आला आहे. कायद्याचे नाव बदलले, ते ठीकच. त्याच्याखालच्या प्रत्येक अर्जाला 'हो', 'नाही' किंवा 'एवढे दुरुस्त करून आण' यांपैकी एक उत्तर ठरल्या मुदतीत मिळू लागले, तर मात्र मोठेच काम होईल.

दिवाळीत आपण दिवे लावतो, तेव्हा पतंग येणारच. दिव्याला काच हवी, म्हणजे पतंग जळत नाही आणि दिवाही विझत नाही. परवान्याचे काम त्या काचेचे आहे. मात्र ती अधूनमधून पुसावी लागते. काजळी धरली, की आत दिवा आहे हेच बाहेरून दिसेनासे होते.