परतूरच्या बाजारातून थेट जेरुसलेम

परतूरच्या बाजारात पिशवीत काय काय पडतं बघा: बटाटे, पाव, मूठभर काजू. घरी येऊन कुलपाला चावी लावायची, पगार कधी होणार याचा हिशेब करायचा. बटाटा, पाव, काजू, चावी, पगार! हे पाचही शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिले. समुद्र इतका लांब, मग ते परतुरात पोचले कसे? जहाजातून किनाऱ्याला आणि तिथून माणसांच्या तोंडून. त्या जहाजांच्या शिडांवर लाल क्रूस असायचा. त्याचा माग काढत गेलं, की आपण पोचतो 1119 च्या सुमाराच्या जेरुसलेमला!

तिथे काही सरदारांनी ब्रह्मचर्याची आणि दारिद्र्याची शपथ घेतली, पण तलवार खाली ठेवली नाही. हे टेम्पलर. कुंभमेळ्यातले नागा साधूंचे आखाडे आठवा, संन्यासही आणि शस्त्रही! यात्रेकरूंची राखण करता करता हा पंथ युरोपचा सावकार झाला. लंडनला पैसे भरा, जेरुसलेमला कागद दाखवून उचला. आपली हुंडीच की ही!

ही श्रीमंती फ्रान्सच्या कर्जबाजारी राजाच्या डोळ्यांवर आली. 13 ऑक्टोबर 1307 ला एकाच दिवशी देशभर धरपकड झाली, पाखंडाचे आरोप झाले आणि 1312 मध्ये पोपने पंथच मोडीत काढला. पण पोपला स्वतःला ते खरंच पाखंडी वाटत होते? याचा पुरावा 2001 साली हाती लागला! बार्बरा फ्राले या इतिहास-संशोधिकेला व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात 1308 च्या चौकशीचं चर्मपत्र सापडलं. त्यात पोपच्या प्रतिनिधींनी पंथाच्या म्होरक्यांना पापमुक्त केलेलं होतं. जवळजवळ सातशे वर्षं ते कातडं गप्प पडून होतं!

पोर्तुगालच्या राजाने मात्र टेम्पलरांची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. 1319 मध्ये तिच्यावर नवा पंथ उभा राहिला, ऑर्डर ऑफ क्राइस्ट. शिडांवरचा क्रूस याच पंथाचा. आता पुढचं ऐका. 1456 च्या एका आज्ञापत्राने पोपने आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पार हिंदुस्थानापर्यंतचा धर्मकारभार या पंथाकडे सोपवला. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 ला. म्हणजे पाऊल पडण्याआधी 42 वर्षं कागद तयार!

पुढे गोव्यात पोर्तुगीजांच्या कागदांचे डोंगर साठले. ते उपसले इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी. त्याच पोर्तुगीज बाडांतून त्यांनी मराठ्यांचा इतिहास वर काढला आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. या बाडांतल्या एका मोठ्या संग्रहाचं नाव काय असावं? ‘मोन्सोंइश’, म्हणजे मोसम! लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटलेली जहाजं नैर्ऋत्येचा वारा शिडात भरून पावसाळा सरता सरता गोव्याला लागायची आणि राजाची पत्रं यायची. पत्रं वाऱ्याबरोबर येत, म्हणून बाडांना नावही वाऱ्याचंच. त्यांचा तो शब्द आणि आपला ‘मोसम’, दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरं.

आणि तोच वारा जून लागला की परतूरच्या कपाशीवर पाऊस घेऊन येतो.